लॅपटॉप डिस्क ओळखत नाही

आमच्या घरात कायम कुणाचं ना कुणाचं लग्न चालू असायचं. इंदापुरात एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत आमच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत अब्बांचा स्टुडिओ, मागच्या खोलीत अब्बा, अम्मी आणि मी. मधे एक पडदा. अब्बा लग्नाचं शूटिंग करायचे आणि मग दिवसचे दिवस पुढच्या खोलीत बसून ते कापायचे, जोडायचे, त्यावर गाणी टाकायचे. सनईचा तोच तुकडा सकाळपासून दहा वेळा वाजायचा. नवरदेव घोड्यावरून उतरायचा, पुन्हा चढायचा, वरात मागं मागं जायची. पडद्याच्या आत अम्मी भाकरी थापत असायची. ऐकून ऐकून तिला सगळी मंगलाष्टकं पाठ झाली होती. तव्यावर भाकरी टाकताना ती सुरात ‘शुभमंगल सावधान’ म्हणायची, आणि शेजारच्या खालाजान दारातून विचारायच्या, आज कुणाचं उरकलंस गं? जेवायला बाजरीची भाकरी आणि लसणाचा खर्डा, शुक्रवारी दालचा आणि भात. लग्नसराईत मात्र अब्बांच्या कॅमेऱ्याच्या बॅगेत हमखास बुंदीची पुडी असायची, वायरींच्या गुंडाळ्यांत दबून तिचा लाडू झालेला असायचा.

बायकांच्या खोलीत अब्बांना जाता येत नसे, तिथं सातवीपासून मी लाइट घेऊन जायची. नवरीला हळद लावताना, चुडा भरताना, साडी नेसवताना मी कोपऱ्यात तो तापलेला दिवा धरून उभी असायची आणि अब्बांच्या ओळखीच्या एक ताई छोट्या कॅमेऱ्यानं चित्रण करायच्या. नवरी मांडवात निघाली की आम्ही दोघी तिच्यासोबत चालायचो. तालुक्यातल्या कितीतरी मुलींची लग्नं मी अशी जवळून बघितली. बघितली असं मला वाटायचं.

बारावीनंतर मी बारामतीला कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश घेतला. रोज सकाळची एसटी, सव्वा-दीड तासाचा प्रवास, संध्याकाळी परत. त्याच पावसाळ्यात एकदा व्होल्टेज वाढून अब्बांचा जुना कॉम्प्युटर जळाला आणि त्यातली हार्ड डिस्कही गेली. मग बारामतीहून एक वापरलेला लॅपटॉप आणला, माझ्या कॉलेजला आणि अब्बांच्या धंद्याला मिळून एकच. जुन्या लग्नांच्या कॅसेट कधीच्या पुसल्या गेल्या होत्या, कारण एका लग्नाची कॅसेट पुढच्या लग्नाला पुन्हा वापरायची अशीच सगळ्यांची रीत. राहिली होती ती फक्त लोखंडी पेटी. प्रत्येक लग्नाच्या दोन डिस्क अब्बा घरच्यांना देत आणि तिसरी त्या पेटीत ठेवत, वर मार्करनं नवरा-नवरीची नावं. "आमची ऑफिस कॉपी हाय, घाबरू नका," असं ते गिऱ्हाइकाला सांगत तेव्हा त्यांचा आवाज जरा जड व्हायचा. आपल्याकडं तालुक्याची ठेव आहे असं त्यांना वाटायचं.

हिराकाकू पहिल्यांदा स्टुडिओत आल्या तेव्हा संक्रांत नुकतीच होऊन गेली होती. नरसिंहपूरला त्यांची थोडी बागायत होती, भेंडी-गवार घेऊन त्या रविवारच्या बाजाराला इंदापूरला येत. रिकाम्या पाट्या दाराबाहेर ठेवून त्या उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. मी लॅपटॉपवर कॉलेजचं काहीतरी टाइप करत होते.

"भाई, माझ्या मनीच्या लग्नाची डिस्क हाय का वो तुमच्यापाशी?"

अब्बांनी त्यांना ओळखलं. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या मनीषाचं लग्न आम्हीच शूट केलं होतं, बारामतीजवळ कन्हेरीला दिली होती तिला. "हाय की काकू, सगळ्यांची असती. पर तुमाला दोन दिल्या व्हत्या ना?"

"दोनीबी मनीनं नेल्या तिकडं. आमच्याकडं कुठलं मशीन बघायला?" त्यांनी पदर चाचपला. "मनी गेली, भाई. लई दिस न्हाय झालं. कावीळ झाली, धा दिसांत खलास."

अम्मी पडद्याआडून बाहेर आली. तिनं काकूंना स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. अब्बा म्हणाले, "मग कन्हेरीला निरोप धाडून डिस्क मागून घ्यायची."

"त्या दारात मी पाय न्हाय ठिवायची. पोरगी पिवळी पडली तरी आठ दिस घरातच ठिवली त्यांनी." काकूंनी पदरात गुंडाळलेला एक फोटो काढून आम्हाला दाखवला. "ह्यो फोटू हाय माझ्यापाशी. फोटूत ती नुसती उभी हाय. मला ती चालताना बघायचीय."

अब्बांनी लगेच पेटी उघडली. डिस्क सापडायला पाच मिनिटंही लागली नाहीत. पांढऱ्या पाकिटावर त्यांचंच अक्षर, मनीषा आणि नवऱ्याचं नाव. मी लॅपटॉपचा ट्रे उघडला, डिस्क ठेवली, आत ढकलली. काकू स्टूल पुढं ओढून बसल्या आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावून घेतला, मग तो बाजूला केला. डिस्क गर्र करून फिरली, थांबली. स्क्रीनवर काहीच आलं नाही. मी ‘माय कम्प्युटर’ उघडलं. तिथं सी आणि डी एवढंच होतं. डीव्हीडीचं चिन्ह जिथं असायला हवं तिथं पांढरी जागा. दिवा लागत होता, ट्रे बाहेर येत होता, आत जात होता, पण लॅपटॉपच्या लेखी तो ड्राइव्ह त्याच्या अंगात नव्हताच.

"लॅपटॉप डिस्क ओळखंना झालाय," अब्बा म्हणाले. "पुढच्या बाजारी या काकू. पोरगी बारामतीला हेच शिकती."

ते अभिमानानं बोलले होते. मीही मान हलवली.

त्या आठवड्यात मला जे जे येत होतं ते सगळं मी केलं. डिव्हाइस मॅनेजरमधे ड्राइव्हच्या नावापुढं पिवळा त्रिकोण दिसत होता. ड्राइव्हची ती नोंद काढून टाकून लॅपटॉप बंद करून चालू केला, त्रिकोण परत हजर. कॉलेजसमोरच्या कॅफेत इंटरनेटवर बसून मी उपाय शोधले आणि प्रॅक्टिकलच्या जर्नलमागं पेन्सिलीनं उतरवून आणले. त्यात रजिस्ट्रीतल्या दोन नोंदी पुसायच्या होत्या. रजिस्ट्री म्हणजे लॅपटॉपचा सातबारा, तिथं चुकीचं खोडलंत तर सगळंच जाईल, असं आमच्या सरांनी सांगितलं होतं. मी नोंदी पुसल्या तेव्हा अब्बा माझ्यामागं उभे राहून पुटपुटत होते, आणि अम्मीनं कुकर बंद केला होता, जणू शिट्टीनं काही बिघडेल. लॅपटॉप पुन्हा सुरू झाला आणि सी, डीच्या शेजारी तिसरं चिन्ह उमटलं. अब्बांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी डिस्क आत ढकलली, आणि मिनिटाच्या आत ते चिन्ह पुन्हा नाहीसं झालं. मग खालचा एक स्क्रू काढून अख्खा ड्राइव्ह बाहेर ओढला, त्याच्या टोकाच्या पिना खोडरबरानं घासल्या, आतलं भिंग कापसानं पुसलं, परत बसवला. कधी दिसायचा, कधी नाही. सरांना विचारलं तर ते म्हणाले, विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या निळ्या पडद्यावरही दिसत नसेल तर मग तुझ्या हातातलं काही नाही. मी बघितलं. तिथंही नव्हता.

पुढच्या बाजाराला काकू आल्या, स्टुलावर बसल्या, गेल्या. त्याच्या पुढच्यालाही.

शेवटी एका दुपारी कॉलेज बुडवून मी लॅपटॉप आणि ती डिस्क बारामतीतल्या एका दुरुस्तीवाल्याकडं नेली. विलासदादा म्हणत त्यांना, जिन्याखालच्या टपरीएवढ्या जागेत बसायचे. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, हसले नाहीत. एका मेलेल्या लॅपटॉपमधला ड्राइव्ह काढून त्यांनी आमच्यात सरकवला. चिन्ह आलं. आम्ही दोघं त्याच्याकडं बघत बसलो, ते गेलं नाही. त्यांनी स्वतःकडची एका सिनेमाची डिस्क घातली, ती लगेच वाजली. मला इतका आनंद झाला की मी तिथूनच अब्बांना फोन लावला आणि म्हणाले, झालं, ओळखलं त्यानं. फोन चालू असतानाच मी मनीषाची डिस्क आत घातली. ड्राइव्ह घरघरला, थांबला, पुन्हा घरघरला. मग स्क्रीनवर एक चौकट आली. ही कोरी डिस्क तुम्हाला कशासाठी वापरायची आहे, असं लॅपटॉप विचारत होता.

विलासदादांनी डिस्क काढून ट्यूबलाइटसमोर धरली. "हे बघा, आरपार दिसतंय." चंदेरी थरात सुईनं टोचल्यासारखी भोकं होती आणि कडेचा पापुद्रा सुटून त्यांच्या अंगठ्याला चिकटला. "ताई, तुमचा ड्राइव्ह खराब व्हता हे खरं. पर डिस्कबी मेलीय. ह्यातून आता काय निघत न्हाय. सुट्ट्या घेतलेल्या का ह्या? बिननावाच्या?"

अब्बा फोनवर हे सगळं ऐकत होते. फोन तसाच चालू राहिला आणि त्यातून मला आमच्या गल्लीतल्या रिक्षाचा हॉर्न ऐकू आला.

डिस्क सुट्ट्याच होत्या. हंगामात इतक्या लागायच्या की पुण्याहून एकजण नावाचा शिक्का नसलेल्या डिस्कांचे गठ्ठे आणून द्यायचा, आणि सगळेच फोटोवाले त्या वापरायचे. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला गेले नाही, आम्ही पेटी रिकामी केली. मी एकेक डिस्क लॅपटॉपमधे घालत होते आणि अब्बा शेजारी बसून पाकिटावरची नावं वाचत होते. आधीच्या वर्षांच्या चालत होत्या, अगदी नव्याही चालत होत्या. मधल्या तीन हंगामांतल्या बहुतेक मेल्या होत्या. प्रत्येक वेळी तीच चौकट यायची, कोरी डिस्क कशासाठी वापरायची आहे. दुपारपर्यंत न चालणाऱ्यांचा ढीग मोठा झाला. अब्बा नाव वाचायचे, "ही वडापुरीची पोरगी, पाऊस आल्ता बघ ह्यांच्या लग्नात," आणि मी मान हलवायची, आणि ते डिस्क ढिगावर ठेवायचे. पुढं पुढं त्यांनी नावं वाचणं बंद केलं. अम्मीनं जेवायला हाक मारली तेव्हा ते उठले, ढीग पुन्हा पेटीत भरला आणि कुलूप लावलं.

"ह्यातलं कुणाला बोलायचं न्हाय," ते म्हणाले. "लोकांनी इश्वासानं दिलंय. उद्या दारात रांग लागंल."

मी त्यांना दोष देत नाही. तेव्हा दिला नाही, आजही देत नाही. आता माझ्या कानाजवळचे केस पांढरे झालेत, पुण्यात एका कंपनीत लोकांच्या मशीनच्या तक्रारी फोनवर ऐकण्याचं काम मी करते. खरं सांगायला उशीर का होतो हे मला चांगलं ठाऊक आहे. एक दिवस टाळला की दुसऱ्या दिवशी ते आणखी जड होतं.

काकू आल्या तेव्हा त्यांनी विचारायच्या आधीच अब्बा बोलले, "अजून न्हाय ओळखत, काकू. मशीनच बिघडलंय." आणि माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "ड्रायव्हर करप्ट झालाय."

"कोन ड्रायवर?"

"मशीनमधला असतो. तो आला की होईल."

काकूंनी ते मानलं. माझ्या तोंडचा इंग्रजी शब्द त्यांना पुरेसा होता. त्या दर बाजाराला येऊ लागल्या. स्टुलावर बसायच्या, बंद लॅपटॉपकडं बघायच्या, अम्मीशी दोन शब्द बोलायच्या, जाताना मूठभर गवार आमच्या ओट्यावर ठेवून जायच्या. "आला का गं त्यो ड्रायवर?" एवढंच विचारायच्या. अम्मी ती गवार शिजवायची, पण आमच्यापैकी कुणी भाजीचं नाव काढायचं नाही. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. अब्बा बाजाराच्या दिवशी काहीतरी काम काढून बाहेर जाऊ लागले आणि खोटं बोलायचं काम माझ्याकडं आलं. मला ते जमायला लागलं होतं. मी नवीन नवीन शब्द वापरायची, पार्ट मागवलाय म्हणायची, कंपनीला कळवलंय म्हणायची.

दिवाळी होऊन दोन आठवडे झाले असतील. काकू आल्या तेव्हा मी एकटीच होते, अम्मी दळणाला गेली होती. त्या दिवशी त्यांनी ड्रायव्हरचं विचारलं नाही. थोडा वेळ बसून त्या म्हणाल्या, "तू व्हतीस ना गं मनीच्या लग्नात? लाइट घिऊन?"

"होते की."

"मग तूच सांग की. मशीन होईल तवा होईल. कशी चालत आली मांडवात?"

मी आठवायला गेले आणि मला काहीच आठवेना. दिव्याचा चटका आठवला, पायात अडकलेली वायर आठवली, सावली नवरीच्या तोंडावर पडू नये म्हणून ताई ओरडत होत्या ते आठवलं. लाइट धरणाऱ्याचं लक्ष सावलीवर असतं. मुलीचा चेहरा मी फोटोत बघितला होता म्हणून माहीत होता, नाहीतर तोही नाही. काकू वाट बघत होत्या. मी सगळ्या नवऱ्या जशा चालतात तसं सांगून टाकलं. "हळूहळू चालत होती, काकू. खाली मान घालून. लाजत होती."

काकू माझ्याकडं बघत राहिल्या. "हळू?" त्या म्हणाल्या. "मनी जन्मात कंदी हळू चालली न्हाय. मांडवातबी मामाच्या पुढं पळत आलेली, सारी हसली व्हती."

त्या उठल्या, माझ्याजवळ आल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "पोरी, त्या डिस्कमधी काय हाय?"

"काही नाही," मी म्हणाले. "कोरी आहे, काकू. खराब झाली. मशीन कधीच नीट झालंय."

"कंदीपास्नं म्हाईत हाय तुला?"

"संक्रांतीनंतर महिन्याभरात कळलं."

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि सोडून दिलं. "मंजी वरीस होत आलं. तवाच सांगितलं असतंस तर मी कन्हेरीला गेले असते गं. त्या लोकांचं पाय धरलं असतं. तुमच्यापाशी हाय, आज ना उद्या बघाय मिळंल, म्हणून गेले न्हाय मी." त्यांनी पाट्या उचलल्या. मी त्यांच्यामागं रस्त्यापर्यंत गेले. त्यांनी वळून बघितलं नाही.

अब्बा परतल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी जेवणही केलं नाही, म्हणाले, "चल." मोटारसायकलवरून आम्ही थेट कन्हेरीला गेलो. मनीषाच्या नवऱ्याचं घर विचारत विचारत सापडलं. नवी बायको अंगणात धान्य निवडत होती, तिनं आम्हाला चटई टाकून दिली. नवरा गोठ्यातून हात धुऊन आला. मी मनात त्याला फार वाईट माणूस करून ठेवलं होतं. तो एक साधा, खांदे पाडून बसणारा तरुण होता. अब्बांनी डिस्कचं विचारलं तेव्हा त्यानं बायकोकडं बघितलं, मग जमिनीकडं.

"तिची पेटी व्हती माळ्यावर," तो म्हणाला. "दिवाळीच्या आवराआवरीत आईनं सगळी भंगारवाल्याला दिली. अल्बम, डिस्का, समदं. मी रानात व्हतो. मला आल्यावर समजलं."

"ह्या दिवाळीला?" अब्बांनी विचारलं.

"व्हय. ह्याच." मग तो म्हणाला, "त्यांनी कंदी मागितल्या न्हाईत. मागितल्या असत्या तर दिल्या असत्या मी."

आम्ही बारामतीत भंगाराच्या दोन गोदामांत जाऊन आलो. दोन आठवड्यांचा माल कधीच पुढं गेला होता. एकानं तर आम्हाला चिरडलेल्या डिस्कांनी भरलेलं एक पोतं दाखवलं आणि म्हणाला, शोधा. अब्बा खरंच त्या पोत्यापाशी उकिडवे बसले. मी त्यांना उठवलं.

त्या दोन डिस्कही त्याच गठ्ठ्यातल्या होत्या, म्हणजे त्याही तेव्हाच मेल्या असणार, असं मी स्वतःला पुष्कळदा समजावलं आहे. पण पेटीतल्या त्या हंगामांतल्याही काही चालल्या होत्या. दहातली एखादी चालायची. तेवढ्या एका शक्यतेपुढं माझं समजावणं टिकत नाही. अब्बांनी त्या हिवाळ्यात लग्नाच्या सुपाऱ्या घेणं थांबवलं. ज्यांच्या डिस्क मेल्या होत्या त्यांच्या घरोघर जाऊन ते सांगत फिरले, शिव्या खाऊन आले, एका ठिकाणी त्यांची कॉलर धरली. काहींच्या घरच्या डिस्क चालत होत्या, त्यावरून अब्बांनी नव्या करून दिल्या. आता ते त्याच खोलीत पासपोर्टचे फोटो काढतात आणि त्या वर्षाबद्दल बोलत नाहीत.

कन्हेरीहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नरसिंहपूरला गेलो. काकू भेंडीच्या सऱ्यांमधे वाकून तोडणी करत होत्या, हाताला जुने मोजे घातलेले. अब्बा बांधावर उभे राहिले, डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि त्यांनी सगळं एका दमात सांगितलं. सुट्ट्या डिस्कांचं, माझ्याकडून बोलून घेतलेल्या खोट्याचं, कन्हेरीच्या माळ्याचं, भंगारवाल्याचं. मधे काकूंनी त्यांना थांबवलं नाही. त्यांचं बोलून झालं. काकूंनी मोजे काढले, पुन्हा घातले.

"तुमच्या पेटीत न्हाय, त्यांच्या माळ्यावर न्हाय," त्या म्हणाल्या. "मंजी आता ती कुठंच न्हाय."

आणि त्या पुन्हा वाकून भेंडी तोडायला लागल्या. त्यांनी आम्हाला जा म्हटलं नाही, थांबा म्हटलं नाही. सरी संपेपर्यंत त्या आमच्यापासून लांब लांब जात राहिल्या, आणि आम्ही दोघं त्या बांधावर उभे होतो.